पाढ्यामागं जिलेबी

आवं,

मी पाटणला बारावीच्या पेपराला चालले. तुमी झोपला व्हता म्हणून उठवलं न्हाई. आमटी झाकून ठेवलीय, गरम करून घ्या.

सुट्टीवर आल्यापासून तुमी आपल्या वीरधवलला पाढ्यामागं एक जिलेबी द्यायला लागलाय. काल त्यानं आंघोळीला दोन मागितल्या, आन् आजीच्या पाया पडायचं किती मिळंल म्हणून इचारलं. आज एक बी देऊ नका. मी अभ्यासाला बसले की त्यो आपसूक पुस्तक घेऊन शेजारी येतो. तवा त्याला शाबास बी म्हणू नका, उठून जाईल.

मी पास झाले तर मला मात्र जिलेबी आणा. माझ्या बारावीला तुमी हसला म्हणून अभ्यास बंद पडला न्हाई, जिलेबीनं बी पडायचा न्हाई.

राजेश्वरी