ढवळीला लावलेलं ठिगळ

मिरज, ता. ४ नोव्हेंबर १९४६

भाऊबीजेला आला न्हाईस ते न्हाईसच, वर गावच्या भाऊसोकडनं निरोप धाडतोस, 'आक्काच्या हाताला कुत्र्याचा वास येतो'? येतो की! दवाखान्याच्या मागं डाक्टरांची प्रयोगाची कुत्री सांभाळते, मग काय अत्तराचा येणार? चि. नाथाजीस साळूआक्काचा आशीर्वाद, तो घे आधी, मग पुढचं वाच.

ढवळी कुत्रीचं ऐक. डाक्टरांनी तिची मुतायची पिशवी निम्मी कापून बारकी केली, तुझ्या पोरीची, विजयमालेची, दुखण्यानं आकसलीया तशी. मग तिच्याच आतड्याचा वीतभर तुकडा घेतला, त्याची रक्ताची शीर न तोडता. उरलेलं आतडं परत जोडलं, आणि तो तुकडा उभा चिरून, पसरून पिशवीला ठिगळासारखा शिवला. आपली आई गोधडीला घालायची तसला बारीक टाका. मी दारातनं बघितलं. आता तीन म्हयने झाले. सकाळी फिरवून आणली की दुपारपत्तर दम धरती. डाक्टर वहीत मापं लिहितात, पण मला त्यांच्या आधी कळतं. फरशी कोरडी असती.

तिच्या आधीच्या कुत्र्याचं मात्र तुला खरं सांगितलं न्हाई. रोगानं गेलं, असं मी तुला म्हणाले हुते. रोगानं न्हाई. बेंदराचा दिवस. सगळ्या गावची जनावरं पुरणपोळी खात्यात, आणि माझं पोट शिवलेलं जनावर नुसत्या पाण्यावर? मला राहवलं न्हाई. अर्धी पोळी चारली. तिसऱ्या दिवशी गेलं, आतड्याचे टाके सुटून. डाक्टर आपलाच टाका चुकला म्हणून डोकं धरून बसले, काम बंद करणार हुते. मी जाऊन सांगितलं, "टाका न्हाई चुकला, मी चुकले." वाटलं, हाकलणार. ते म्हणाले, "साळूबाई, गप्प बसला असता तर मी चांगला टाका टाकून दिला असता." त्याच टाक्यानं ढवळीला शिवलं. आठ दिवस मी चमच्यानं पेज पाजली, कुणाला हात लावू दिला न्हाई.

झाकून काय बरं हुत न्हाई, नाथा. पोरीला दर घटकेला मुतायला उठावं लागतं म्हणून सासरच्यांनी परत धाडली, आणि तू कोरेगावात सांगतोस, पाय मोडलाय. पाय मोडलेली पोर विहिरीवर धुणं कशी धुती रं?

डाक्टर लगेच कापणार न्हाईत. "मी माणसावर अजून केलेलं न्हाई, खोटं बोलणार न्हाई. पण पोरीला आणा, आधी तपासू," असं म्हणाले. कुत्र्यावर केलेलं माझ्या पोरीवर, असं म्हणून फुगून बसू नको. तिच्या उशाशी मी बसणार हाय, आणि या खेपेला कुणी सांगितल्याबिगर पाण्याचा थेंब देणार न्हाई.

१२ तारखेच्या आत तुझं कार्ड आलं पाहिजे. कुठल्या गाडीनं पोरीला आणतोस, तेवढंच लिही.

तुझी आक्का,
साळूबाई, कुत्री सांभाळणारी