डाव्या हाताची अक्षरं

बाबा, आज दुपारी जेवून झाल्यावर मी तो भिंती रंगवायचा गेम पुन्हा खेळले. आतेभावाने मुंबईहून स्वतःचा जुना कॉम्प्युटर आपल्याकडे आणून टाकला होता, त्यात होता तो. एक शहर, त्या शहरात भिंतीवर काहीही लिहायला बंदी, आणि पाठीवर रंगाचे डबे घेऊन छपरांवरून पळणारी एक मुलगी. आता तो पुन्हा विकत मिळतो, माझ्या लॅपटॉपवर चालतो. खरं तर मला झोपायचं होतं. मी रत्नागिरीत एका पतपेढीत आहे, दिवसभर पैसे काढायच्या स्लिपांवरच्या सह्या नमुन्याच्या सह्यांशी जुळवते, आणि रविवार आला की डोळे मिटून पडावं एवढंच वाटतं. पण गेला महिनाभर एक गोष्ट मला पडू देत नाहीये. त्या बिल्डरच्या भिंतीवर रेघ मारणारे तुम्हीच, हे त्यांना कसं कळलं, याबद्दल तुमची एक समजूत होती. ती चुकीची होती. हे मला अठरा वर्षं माहीत आहे आणि मी तुम्हाला सांगितलं नाही.

गेम मला आठवत होता त्यापेक्षा फार लहान निघाला. शहरात शिपायांशिवाय माणसंच नाहीत. शिपाई त्याच त्या कोपऱ्यावरून वळतात, एकदा त्यांची वाट पाठ झाली की ते कधी पकडत नाहीत. आणि रंगवायचं कुठे, तर जिथे भिंतीवर बाण लुकलुकतो तिथेच. दुसऱ्या कुठल्याही भिंतीवर कितीही बटणं दाबली तरी रंग उमटत नाही. हे तुम्ही तेव्हाच बोलला होतात. दुपारी जेवून तुम्ही माझ्या मागे स्टुलावर बसायचात, हाताला टर्पेंटाइनचा वास, आणि त्या मुलीच्या कामाची तपासणी चालायची. "हात चांगला आहे हो हिचा. पण खाली ओळ मारलेली नाय, बघ, शेवटची अक्षरं कशी चढल्येत." मग बाण दिसला की म्हणायचात, "दाखवतात तिथेच रंगवायचं? मग हे बंड कसलं गो? ही तर ऑर्डर झाली." आणि दर भिंतीला तुमचा एक प्रश्न ठरलेला, "मालकाला विचारलंन का हिने?" मी चिडायचे. आई आतून ओरडायची, "बापलेकी दोघं त्या खोक्याला चिकटलेत, आणि बांगडे कोण साफ करणार?"

मालकाला विचारल्याशिवाय तुम्ही कुणाच्या भिंतीला बोट लावलं नाहीत. दुकानांचे बोर्ड, गाड्यांच्या नंबरप्लेटा, निवडणुकीच्या भिंती, सगळीकडे आधी दार वाजवून विचारणं. तेच तुम्ही मला शिकवलंत. शाळेच्या फाटकापाशी गेलं की मला उलटी व्हायची, म्हणून दोन वर्षं तुम्ही घरीच माझी शाळा घेतलीत. अंगणातल्या जांभ्याच्या पायरीवर बसून, पाण्यात बुडवलेल्या ब्रशने. तुम्ही 'क' काढायचात, मी त्याच्या शेजारी 'क' काढायचा, आणि ऊन असलं की दोन्ही वाळून जायचे. मग पुन्हा. एकदा तुमच्या लाल इनॅमलचा डबा माझ्या हातून सांडला आणि मी मांजरावर ढकललं. तुम्ही मारलं नाहीत. जेवताना माझ्याकडे न बघता एवढंच म्हणालात, "रंग सांडला तर पुसता येतो. तू खोटं बोललीस तर मी ते कुठे शोधत बसू?" मी त्या दिवशी भात तसाच टाकला. त्यानंतर मला कोणी काही विचारलं की उत्तर आधी बाहेर पडायचं आणि विचार मागून यायचा. अजूनही तसंच आहे. पतपेढीत साहेब विचारतात, "ही नोंद कोणी चुकवली?" तर चूक माझी नसली तरी माझंच तोंड आधी उघडतं.

मी दहा वर्षांची होते. नदीकडच्या सखल जागेत मातीचा भराव घालून बिल्डरने इमारत काढली होती आणि तिच्या कुंपणाच्या लांबलचक भिंतीवर जाहिरात लिहायचं काम तुम्हाला मिळालं. पांढऱ्यावर निळी अक्षरं, हातभर उंचीची. 'येथे पुराचे पाणी येत नाही.' नीळ लावलेलं सूत तुम्ही एका टोकाला धरलंत, दुसऱ्या टोकाला मी, मधे ओढून सोडलंत आणि ओळ उमटली. तेव्हा मी विचारलं होतं, "बाबा, पण आलं होतं ना पाणी?" मोठ्या पुरात तिथून होडी गेली होती, ती आपण दोघांनीही बघितली होती. तुम्ही म्हणालात, "आता भराव घातलाय त्यांनी." आणि लिहीत राहिलात. मग महिन्याभराने एक निवृत्त कंपाउंडर तुम्हाला चहाच्या टपरीवर भेटले. त्यांनी तळमजल्यावरचा ब्लॉक घेतला होता. ते तुम्हाला म्हणाले, "आमची ही नको म्हणत होती. मी म्हटलं, अगं, आपल्या पेंटरने लिहिलंन आहे. दुकानाच्या बोर्डावर एक शब्द चुकीचा लिहायला सांगितला तर हा माणूस काम सोडून जातो." हे तुम्ही घरी येऊन आईला सांगितलंत. सांगताना हसत होतात, पण भाकरी हातात तशीच होती.

दुसऱ्या दिवशी पहाटे मला जाग आली तेव्हा तुम्ही पडवीत डबा ढवळत होतात. मी विचारलं, कुठे? तुम्ही म्हणालात, "येतो गो. नीज तू." उजाडता उजाडता परत आलात तेव्हा डाव्या हाताला मनगटापर्यंत निळा रंग होता. मी नुसती बघत राहिले आणि तुम्ही आपणहून सांगितलंत. जाहिरातीच्या अक्षरांवरून, माणसाच्या छातीइतक्या उंचीवर, भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ मारलीत आणि खाली लिहिलंत, 'पाणी इथवर आलं होतं.' कोणाचं अक्षर ते कळू नये म्हणून डाव्या हाताने. "हाताला सवय नाय, कोंबडीच्या पायासारखी झाली अक्षरं," असं म्हणत तुम्ही रॉकेलने हात पुसत होतात, आणि मला आयुष्यात पहिल्यांदा तुम्ही त्या गेममधल्या मुलीसारखे दिसलात. मालकाला न विचारता लिहिलं होतंत. कोणाला सांगू नकोस, असं मात्र तुम्ही मला म्हणाला नाहीत. ते का म्हणाला नाहीत यावर मी फार विचार केला आहे. आपल्याच मुलीला खोटं बोलायला सांगणं तुमच्याने झालं नसावं.

त्याच दुपारी बिल्डरचा मुकादम आला. तुम्हाला काम आणून देणारा तोच, आपल्याकडे नेहमी यायचा, म्हणून आईने त्याला पाणी दिलं आणि ती मागच्या दारी मासे धुवायला गेली. तुम्ही बाजारात बोर्ड लावायला गेला होतात. मी गेम खेळत होते. तो माझ्या मागे उभा राहिला. "काय करत्येस गो? भिंती रंगवत्येस होय! बापाचा धंदा पुढे चालवणार तर." मी हसले. स्क्रीनवर त्या मुलीने एक भिंत पुरी केली होती आणि टाळ्यांचा आवाज येत होता. मग तो अगदी सहज म्हणाला, "आमच्या भिंतीवर ती रेघ कोणी मारलीन गो?" आणि मी मान न वळवता म्हटलं, "बाबांनी. आज पहाटे. डाव्या हाताने." एवढं सगळं. डाव्या हाताचंही. मला वाटतं माझ्या आवाजात थोडा अभिमानही होता. त्याने उरलेलं पाणी पिऊन टाकलं. मग पाण्याचा पेला खाली ठेवून म्हणाला, "बरं. आईला सांग, मी निघालो म्हणून."

संध्याकाळी त्यांनी तुम्हाला साईटवर बोलावून घेतलं. तुम्ही परत आलात तेव्हा मी दारामागे उभी होते, आणि तुम्ही ओरडलात की खरं ते बोलून टाकायचं असं ठरवलं होतं. पण तुम्ही हसत आलात. चप्पल काढायच्या आधीच आईला म्हणालात, "अगो, ओळखलंन! डाव्या हाताने लिहिलं तरी मुकादमाने ओळखलंन. म्हणतो कसा, 'पेंटर, हात बदलला तरी वळण कुठे जाईल?'" आई म्हणाली, "आणि काम?" "काम गेलं," तुम्ही म्हणालात, "पण बघ ना, डाव्या हाताने!" त्या वेळी मी तुमच्यापासून तीन हातांवर होते. कोणी मला काही विचारलं नाही. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. हे मी स्वतःला इतक्या वेळा सांगितलं आहे की आता ते मला खरं वाटेनासं झालं आहे.

रेघ दुसऱ्या दिवशी पुसली गेली. हळूहळू बिल्डरच्या ओळखीतल्या दुकानांनी तुमच्याकडे येणं सोडलं. कदाचित फ्लेक्स आल्यामुळे ती तशीही सोडणारच होती, आई असंच म्हणते. वर्षाच्या आत तुम्ही मुंबईला गेलात, फ्लेक्स छापणाऱ्याच कारखान्यात, जिथे ब्रश लागत नाही. गणपतीला आणि शिमग्याला यायचात. प्रत्येक वेळी कोणी ना कोणी ती गोष्ट काढायचं आणि तुम्ही उठून उभे राहून, डाव्या हाताने हवेत अक्षर काढून दाखवत सांगायचात. मी पाणी आणायला आत जायचे. पाचव्या वर्षी मुंबईहून फोन आला, तुमच्या छातीत दुखलं आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं. तेराव्याला आलेले लोकसुद्धा तेच बोलत होते, काय अक्षर होतं हो पेंटरचं. गेल्या मोठ्या पुरात त्या इमारतीत पाणी तुमच्या रेघेच्या वर गेलं. कंपाउंडर आणि त्यांची बायको वरच्या मजल्यावर शेजाऱ्यांकडे दोन दिवस बसून होती. ही बातमी ऐकल्यावर माझ्या मनात पहिल्यांदा त्यांची काळजी आली नाही. बाबा बरोबर होते, हे आलं. त्याचीही मला लाज वाटते.

पतपेढीत लागल्यापासून तर मला सुटकाच राहिलेली नाही. आधी वाटायचं, कदाचित त्याने खरंच ओळखलं असेल, मला फक्त खात्री करायला विचारलं असेल. पण मी रोज हात ओळखायचं काम करते. नमुना शेजारी असताना, उजव्या हाताची रोजची सही असताना आम्ही चुकतो. घाईत, डाव्या हाताने, अंधुक उजेडात काढलेली चार शब्दांची ओळ बघून माणूस ओळखता येत नाही, बाबा. मुकादमाने तुमच्यासमोर माझं नाव काढलं नाही, एवढंच झालं. तो तुम्हाला खोटं सांगून माझ्यासाठी गप्प बसला.

गेल्या महिन्यात आईकडे गेले होते तेव्हा चिपळूणच्या बाजारात औषधाच्या दुकानात मुकादम भेटला. काठी घेऊन चालतो आता. त्याची सून बरोबर होती. "पेंटरची मुलगी ना गो तू?" मी म्हटलं, "हो काका." तो सुनेला सांगायला लागला, "हिचा बाप असा होता... एकदा आमच्या भिंतीवर रातोरात लिहून गेला, डाव्या हाताने हां, तरी मी ओळखलं." हे म्हणताना तो सुनेकडे बघत नव्हता. माझ्याकडे बघत होता, थांबून, मी काय म्हणते ते बघत. मला एकच वाक्य बोलायचं होतं. सुनेसमोर नाही तर बाजूला घेऊन, तेही जमलं असतं. तो थांबला असता असं मला वाटलं. दुकानदार माझ्या हातात गोळ्यांची पुडी देत होता.

मी म्हटलं, "हो काका, त्यांचं वळणच तसं होतं." त्याने मान हलवली आणि सुनेचा हात धरून तो पायरी उतरला.

हे पत्र मी आईलाही दाखवणार नाही. लिहिताना वाटत होतं की निदान इथे, जिथे तुम्ही वाचणार नाही, तिथे तरी सगळं सरळ होईल. तसं झालेलं नाही. तुम्ही आत्ता दारात येऊन मला स्पष्ट विचारलंत, तर मी तुम्हालाही तेच सांगेन, तुमचं वळणच तसं होतं.