प्लास्टर भिजलं होतं

तात्या, माझा गुडघा गेला. गेल्या महिन्यात धार काढून झाल्यावर गाय पाण्यावर नेत होते. ती कशाला तरी बुजली, कासरा माझ्या पायात अडकला आणि तिनं मला गोठ्यापासून हौदापर्यंत फरफटत नेलं. हाड शाबूत आहे, पण आतली दोन लिगामेंटं तुटली. बारामतीच्या डॉक्टरनं फोटो दाखवून दोन वाटा सांगितल्या. ऑपरेशन करून मग सहा-आठ महिने व्यायाम, नाहीतर नुसता पट्टा बांधून व्यायाम. "नुसत्या व्यायामानं घरात फिराल ताई, पण वावरात गुडघा दगा देणार. आठ दिवसांत काय ते सांगा." आता ढेकळं तुडवल्याशिवाय माझा एक तरी दिवस जातो का? पण घरात ऑपरेशनचं नाव काढलं की सगळ्यांच्या तोंडी तुम्हीच. मालक म्हणतात, "तुझ्या बापाचं काय झालं ते बघितलं न्हाय का? धडधाकट माणूस, ऑपरेशनापायी पाय घालवला आन् वरसात गेला. ते काय न्हाय, तुझ्या पायाला कुणी हात लावायचा न्हाय." जिवाच्या काळजीनं बोलतात हो. मी आपली पट्टा आवळते.

तुमची नडगी मोडली होती, ऑपरेशन करून आत पट्टी बसवली, वर प्लास्टर घातलं, त्याला महिनासुद्धा झाला नव्हता. इंदापूरच्या डॉक्टरनं बजावलं होतं, पाय टेकायचा नाही, भिजवायचा तर मुळीच नाही. आणि नेमकी कालव्याच्या आपल्या फाट्याला पाण्याची पाळी आली. ती चुकली की पुढं महिनाभर ऊस वाळताना बघत बसायचं. आई आधीच गेलेली, दादा पुण्याला. मी अठराची. म्हटलं, मी पाजते उसाला पाणी, मी धरते दारं. तुम्ही हसलात. "तव्यावरची भाकरी उलटता येत न्हाय, आन् दारं धरती म्हणं!" पण दुसरं होतं कोण? शेवटी ठरलं, तुम्ही बांधावर बसून नुसतं सांगायचं. तरी बांधावर चिखल असणार म्हणून प्लास्टरवर युरियाच्या गोणीतला प्लॅस्टिकचा कागद मीच गुंडाळला, सुतळीनं करकचून बांधला. सकाळचं ऊन आहे. तुम्ही बाभळीला टेकून बसलाय. मी पाण्यात उभी राहून एका सरीचं तोंड उघडते, सरी भरली की चिखलानं बुजवते, पुढची उघडते. पाच-सहा सऱ्या नीट झाल्या आणि मला वाटलं, आलं की सगळं! तिथंच घात झाला. पुढची उघडायच्या आधीच मी मागची बुजवली. पाणी तुंबलं, पाट फुटला आणि लोंढा शेजाऱ्यानं काढून ठेवलेल्या कांद्यात शिरला. "आगं येडे, आधी म्होरचं उघड!" तुम्ही ओरडताय आणि मी खोरं घेऊन नुसती उभी. मग तुम्हीच उतरलात. मोडका पाय ओढत आलात, माझ्या हातातलं खोरं हिसकावलंत. पाट बांधून बाहेर निघालात तेव्हा त्या प्लॅस्टिकच्या आत पाणी डचमळत होतं.

प्लास्टर आपण दोन दिवस अंगणात उन्हाला वाळवलं. पुढच्या तपासणीला डॉक्टरनं विचारलं, "भिजलं होतं का?" तुम्ही माझ्याकडं बघितलंत, मी तुमच्याकडं. डॉक्टर रागावतील, बस्स, एवढीच भीती होती हो तात्या मला. "न्हाय," मी म्हणाले. घरी येऊन ठणक गोळ्यांवर ढकलला. वास यायला लागला तोवर हाडात पू झाला होता आणि पाय मांडीपासून काढावा लागला. भेटायला आलेल्या प्रत्येकाला तुम्ही खाटेवरून एकच सांगायचात, "डॉक्टरनं वाटोळं केलं माझं." पाण्याचं नाव तुम्ही कधी काढलं नाहीत. माझ्यापाशीसुद्धा नाही.

डॉक्टरनं दिलेले आठ दिवस काल संपले. मालक गाईंची पेंड भिजवत होते. मी कुबडी टेकत गेले आणि म्हणाले, "तात्यांचं ऑपरेशन चांगलं झालं होतं. प्लास्टर भिजलं होतं, आन् मी डॉक्टरला खोटं सांगितलं." त्यांचा हात बादलीतच राहिला. "एवढी वरसं का बोलली न्हाईस?"  मी पेंडीचं पोतं त्यांच्याकडं सरकवलं. त्यांनी पेंड कालवून संपवली, हात धुतले. "उद्या जाऊ. करून टाकू ऑपरेशन," एवढंच म्हणाले आणि गोठ्यात गेले. सकाळी माझी पिशवी त्यांनीच भरली.

आता दवाखान्यात नंबर यायची वाट बघत हे लिहितेय. मालक औषधं आणायला खाली गेलेत. ते वर यायच्या आत हे फाडून टाकणार, कारण सगळं सांगितलं तरी एक गोष्ट त्यांना सांगता आली नाही. तुम्ही त्या डॉक्टरला शिव्या घालायचात, तेव्हा मी आलेल्यांना चहा देत असायचे. खाटेवर तुमचा एकच पाय दिसायचा. आणि त्या शिव्या ऐकून, तात्या, मला बरं वाटायचं.