ऑगस्टातली संत्री

५ ऑगस्ट
हेडसर म्हणाले, "मंजुषा मॅडम, पंधरा ऑगस्टला पोरांना पुंजाजींची गोष्ट तुम्हीच सांगा." आमच्या गावचा एकुलता एक देशभक्त! बेचाळीसच्या ऑगस्टात संत्र्यांच्या टोपलीत पत्रकं लपवून अमरावतीला नेताना पकडले गेले. दोन वर्षं तुरुंग. झालं, गोष्ट तयार!

७ ऑगस्ट
फजिती! वर्गात तालीम केली. "पिवळीधमक संत्री, काय घमघमाट—" असं पदरचं घालत होते, तर पाचवीतली आरती उठली. "मॅडम, ऑगस्टात संत्रे पिकतेत काय? काईबी सांगून राहिल्या तुमी!" सगळा वर्ग खिदळला.

खरंच की! संत्र्यांच्या मोर्शी तालुक्यात जन्म गेला माझा, अन् एवढं सुचू नये? आता खरी गोष्ट सापडली नाही तर ही कार्टी पुंजाजींनाच खोटं ठरवतील. ते नाही चालायचं.

८ ऑगस्ट
पुंजाजींची लेक पार्बताबाई नव्वदीतही नातवाच्या भाजीच्या दुकानावर बसतात. विचारलं तर म्हणतात, "मले नाई आठवत. वांगे घे." घेतली.

१० ऑगस्ट
पुन्हा वांगी. आता घरचे बोंबलतात!

१२ ऑगस्ट
आज हटूनच बसले. "आजी, पोरं तुमच्या बाबांना खोटं म्हणून राहिले." म्हातारी उसळली! "खोटं? हिरवेच होते संत्रे! बाबा शिंपी मानूस, त्याले बगीच्यातलं काय समजते? वर कच्चे संत्रे, खाली पत्रकं. शिपाई निघाला बगीचेवाल्याचा पोरगा. म्हने, हिरवे संत्रे बाजारात कोन नेते बे?"

हसून हसून पोट दुखलं. आजीही हसल्या. मग माझा हात धरला. "तुले काहून सांगत नोती माईत हाये? तो शिपाई म्हंजे तुया आजाचा बाप, उत्तमराव. लेकरांसमोर तुई मान खाली जाईन."

घरी येऊन माझ्या बाबांना सारं सांगितलं.

१४ ऑगस्ट
बाबा म्हणाले, "नुसतं शिपाई म्हन ना. नाव कोन विचारते?" बरोबरच आहे. पाच मिनिटांची तर गोष्ट. ठरलं, नाव गाळायचं. लाज वाटते, पण ठरलं.

१५ ऑगस्ट
हिरव्या संत्र्यांवर पोरं लोळली! शेवटी आरतीनं विचारलंच, "शिपायाचं नाव काय होतं, मॅडम?" पहिल्या रांगेत पार्बताबाई नको-नको म्हणून मान हलवत होत्या.

"उत्तमराव," मी म्हणाले. "माझे पणजोबा."