जनाजा पाटाशी थांबवू नये

बिस्मिल्लाह. मी हुसैनमियाँ अब्बास परकार, मूळ गाव श्रीवर्धन, राहणार वादी कबीर, मस्कत, धंदा डोंगरातला गाइड, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवतो. गुडघे गेले आहेत, डोके शाबूत आहे.

१. बायको सफूरा हयात नाही. शरियतप्रमाणे वारसाहक्क मुलगा ताबिश याचा, त्यात मी ढवळाढवळ करत नाही. मस्कतच्या कुरुम भागातल्या आपल्या ऑफिसात तो सांगतो, "फादर टुरिझममध्ये आहेत." यापुढे काय सांगायचे ते त्याचे त्याने बघावे.

२. मिळकतीच्या एक तृतीयांशापुरती माझी मर्जी चालते. त्यातून माझे दोर, हुक, हेल्मेटे आणि जीप बहिणीची मुलगी उमामा हिला द्यावी. ताबिश म्हणाला होता, "अब्बा, लेडीज गाइडच्या मागे कोण क्लायंट येणार?" हे साहेब स्वतः पहिल्याच कड्यावर रडले होते. उमामा तोच कडा माझ्याआधी चढली आणि वरून तिने माझा दोर धरला.

३. ज्या कंपनीने माहितीपत्रकावर दोर धरलेला माझा हात छापला आणि चेहरा कापला, तिचा अर्बाब, म्हणजे मालक, भेटायला आला तर त्याला कॉफीसुद्धा विचारू नये.

४. मला जबल अख्दर डोंगरावर आईच्या गावी, तिच्या कबरीशेजारी पुरावे. त्या गावची रीत अशी की परक्याने खाली पाण्याच्या पाटाशी थांबून हाक मारायची आणि वरून बोलावल्यावरच पाऊल टाकायचे. आई तिथलीच लेक. तरी मामेभाऊ नासर मला मी फिरायला आणलेल्या पाहुण्यांबरोबर उन्हात उभा करायचा आणि वरून ओरडायचा, "यल्ला हिंदी, चल, त्यांना वर आण!" इथे मी हिंदुस्तानी, आणि श्रीवर्धनला गेलो तर तिथे मी अरबिणीचा पोर. हे मला फार लागले, आजही लागते. आईच्या दफनाला गेलो तेव्हाही मी पाटाशी हाक मारून उभा होतो. नासरने सावकाश बोलावले. वर पोचलो तोवर माती लोटून झाली होती.

म्हणून माझा जनाजा पाटाशी थांबवू नये, हाक मारू नये. पुढे उमामाने चालावे. बायका जनाज्याबरोबर येत नाहीत, असे नासर म्हणेल. त्याला सांगावे, ती वाट दाखवते आहे, आणि या खेपेला तिच्यासोबत पाहुणा कोणी नाही.

सही: हुसैनमियाँ अब्बास परकार

साक्षीदार: सिराज मुकादम, शेजारी. ताबिश परकार, मुलगा. याला मुद्दाम बसवून वाचून दाखवले आहे, उद्या ठाऊक नव्हते म्हणायला नको.

वादी कबीर, मस्कत, १४ जानेवारी २०२५