मेलेल्यांच्या वाट्याचं कौतुक

आये,

परवा माझा सिनेमा वसईत दाखवला. थेटरात नाही, एका शाळेच्या हॉलमध्ये पडदा लावून. आमचे सिनेमे असेच दाखवतात, हे मी तुला कितीदा सांगितलं होतं, आणि तू दर वेळी विचारायचीस, "मंग तुजा फोटू रिक्षाच्या मागं का नाय?" या सिनेमात मी नवऱ्याच्या मयतावर रडते. परदेशात त्या रडण्याला लोकांनी उभं राहून टाळ्या दिल्या. इथे मात्र सिनेमा संपल्यावर पाचूबंदरची आपली शेजारीण काकी हात धरून म्हणाली, "आयशीची सय आली गं!" आणि मग हॉलला कुलूप लागेपर्यंत तुझ्याबद्दलच बोलत राहिली. माझ्याबद्दल एक अक्षर नाही. असा जळफळाट झाला माझा! मरून इतकी वर्षं झाली, तरी भाव तूच खाऊन जातेस.

आपल्याकडे मयताला हेल काढून रडायची रीत. रडता रडता गेलेल्या माणसाचं सगळं बोलून दाखवायचं. कुणी गेलं की पहिलं बोलावणं तुला. तू बाजारातून आलेली असायचीस. मासळीचे हात धुवायचीस, पदर खोचून निघायचीस, मी मागोमाग. बाजारात तुझ्या शेजारी बसणारी म्हातारी गेली, तो दिवस अजून डोळ्यांसमोर आहे. जन्मभर तुमचं विळ्या-भोपळ्याचं सख्य. तू तिच्या उशाशी बसकण मारतेस आणि सुरू होतेस, "आता माजी गिऱ्हाइकं कोन पलवल गं बाय! तुज्यासारका बोंबील कोन सुकवल!" बायका रडता रडता हसतात आणि पुन्हा जास्तच रडतात. परत येताना मी विचारलं, एवढी भांडायचीस तिच्याशी, मग रडलीस कशी? "भांडन होतं म्हनून तं रडू आलं. अनोलकी मान्सासाटी कोन रडतं?" एवढं बोलून तू घरी आल्या आल्या भाताला आधण ठेवलंस.

म्हातारीचा बोंबील चांगला, हे ती जिवंत असताना तू कधी कबूल केलं नव्हतंस. जित्या माणसाचं कौतुक केलं की दृष्ट लागते, हा तुझा कायदा. मी त्याच कायद्यात वाढले. माझं नाटक बघायला तू एकदाच आलीस, ठेवणीतलं लुगडं नेसून, अबोलीची वेणी माळून. त्यातही मी रडत होते. लोक डोळे पुसत होते. रिक्षात बसल्यावर मी वाट बघत राहिले. शेवटी न राहवून विचारलं, कसं झालं माझं काम? तू म्हणालीस, "मेला तो कोन होता, कसा होता, काय सांगितलंस नाय. नुसतीच रडलीस."

"ते लेखकाला विचार," मी फणकारले आणि घर येईपर्यंत बाहेर बघत बसले. पण या सिनेमात लेखकाची वाक्यं बाजूला सारून मी नवऱ्याच्या सगळ्या खोडी बाहेर काढल्या, त्याला शिव्या देत देत रडले. म्हणून तर काकीला तू दिसलीस.

मुलाखतीत मला हमखास विचारतात, बरोबरीच्या नट्या कुठल्या कुठे गेल्या, मालिकांमधून घरोघरी पोचल्या. हेवा वाटत नाही का? मी नाही म्हणते, आणि ते खरंच आहे. मला हेवा वाटतो तो त्या बोंबीलवाल्या म्हातारीचा. पाचूबंदरात जे जे तुझ्याआधी गेले, त्या सगळ्यांचा. त्यांना तुझ्या तोंडून ऐकायला मिळालं. बाकी कुणाच्याही टाळ्यांवर माझं पोट भरत नाही, आये, याला काय करू?

हे कागद कुठे पाठवायचे नाहीत, म्हणून सांगते. काल दार लावून मी जमिनीवर बसले आणि तुझ्या आवाजात माझ्यावरच रडून पाहिलं. आवाज हुबेहूब आला, हेलही आला. "माजी बाय गं" इथपर्यंत छान जमलं. त्यापुढे तू काय म्हणाली असतीस, ते मला माहीतच नाही.