छातीपर्यंतची रेघ

८ जून

तात्यांनी ऑफिसात झापलं! मी गिऱ्हाईक हाकललं म्हणे. हाकललं नाही, फक्त गेट दाखवलं. तासगावचा बेदाण्याचा व्यापारी— नानासोंच्या विकायला काढलेल्या घरात, त्यांचाच चहा पिऊन म्हणतो, "पाण्यातलं घर, त्याला भाव कसला?" आम्हा गावभागातल्या माणसांसमोर! डोकं फिरलं.

तात्या म्हणाले, "ऋष्या, इंजिनिअरिंग अर्ध्यात सोडलंस. एजंटगिरी तरी पुरी कर रं!"

खरं इथंच लिहितो. ते घर विकूच नये असं वाटतं. नानासोंची पोरगी, अपूर्वा!

११ जून

गावभागातलं अख्खं घर विकलं तरी विश्रामबागेत दोन खोल्यांचा फ्लॅट येईल की नाही शंकाच. सांगली तीच, रिक्षाने जाण्याएवढं अंतर! पण तिकडं कृष्णेचं पाणी चढत नाही. आयर्विन पुलाखाली पातळी वाढली की आमचा भाव उतरतो, त्यांचा चढतो. तात्या म्हणतात, "भाव ऑफिसात ठरत न्हाई, पुलावर ठरतो."

ते ठीक. पण नानासो काल बोलले ते डोक्यातून जाईना— "पत्ता बदलला की पोरीची स्थळंबी बदलत्यात." म्हणजे पुण्याचा कुणीतरी लॅपटॉपवाला येणार! मग माझं काय?

१२ जून

दिसली. हसली. भाव वधारला— माझा!

१९ जून

नानासोंच्या दाराशेजारी पुराच्या रेघा आहेत, गेरूच्या. पाणी उतरलं की घरातल्या बाईनं कृष्णामाईची ओटी भरायची आणि पाणी चढलं होतं तिथं रेघ ओढायची. गल्लीत ज्यांना घरं विकायची होती त्यांनी आपापल्या रेघांवर रंग मारला. नानासो ऐकत नाहीत. "माईनं आखलेली हद्द हाय. झाकायची न्हाई."

एकोणीस सालची सगळ्यात वर. गिऱ्हाईक तिच्यापुढं उभं राहून उंची लावून बघतं. मीही लावली. बरोबर छातीला.

एक दुष्ट विचार आला— ती अजून वर असती तर? पण माईच्या नावावर खोटं! नको. आपण भांडखोर आहोत, लबाड नाही.

२७ जून

काय करून बसलो!

तात्यांनी पक्कं गिऱ्हाईक आणलं. इस्लामपूरचे लालासाहेब, रिटायर सुभेदार, मिशा कानापर्यंत. भिंतीपुढं थांबले आणि वर बघतच राहिले. "आवं नानासो, ही रेघ माज्या डोक्यावरनं जातीया की! आमी काय होडीत झोपायचं?"

खरंच! रेघ चौकटीच्या वर. शेजारी एकोणीस साल. जुनी गायब!

नानासो माझ्यावर फिरले. "ऋष्या, ह्यो तुजाच उद्योग! त्या तासगावकराला तूच पळवलंस!"

मी? आईशप्पत नाही! तात्याही माझ्याकडं तसेच बघत होते. तिडीक उठली. ओलं फडकं घेतलं आणि भिंत घासली. वरचा गेरू हाताला आला. खालचा ताजा चुना निघाला, त्याखालून जुनी रेघ. "बघा! पाणी इथवर होतं! छातीला! त्याच्या वर एक बोटही नाही!"

सुभेदार खो खो हसले. "एजंट असून खरं बोलतंय गड्या! घेतलं घर. नानासो, तुमाला फ्लॅट घावला की सांगा, तवर थांबतो."

सगळ्यांनी माझी पाठ थोपटली. तात्यांनी पेढा भरवला. अपूर्वा तेवढी दाणदाण पाय आपटत आत गेली.

पेढा गिळल्यावर ट्यूब पेटली— घर मीच विकलं!

२८ जून

जेवलो नाही. आई म्हणाली, पित्त असेल.

२९ जून

अपूर्वा मारुती चौकात भेटली. "गाढवा! स्टुलावर चढून ओढली होती मी ती रेघ. पुसायला तुला कुणी सांगितलं होतं?" नखांत अजून गेरू!

नानासोंना विश्रामबागेतले फ्लॅट दाखवायचं काम तात्यांनी माझ्यावर टाकलंय. तिला सांगितलं. ती म्हणाली, "रोज एकच दाखव. मला एकही आवडणार नाहीये."